आर्वी नाक्यावरची सोबत

रत्नदीप आजही आर्वी नाक्यावर सायकल घेऊन थांबला होता. भाजी घ्यायला आलेल्या पौर्णिमाने त्याला हातगाडीआडून पाहिलं. आपला नवरा कुणाची वाट पाहतोय, हे तिला ठाऊक होतं.

रक्षा सायकलवरून आली. ती त्याच्याच डाळमिलमध्ये पॅकिंगला होती. पाठीवर भडक केशरी ओढणी. तिने घंटी वाजवली तसा रत्नदीपचा चेहरा उजळला. ती पुढे, हा मागे. नजर ओढणीवर अशी खिळलेली, की इकडेतिकडे बघायचं नावच नाही.

पौर्णिमा मुद्दाम रस्त्याच्या कडेला येऊन उभी राहिली. तो हातभर अंतरावरून गेला. बायकोकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

उन्हाळ्यात त्याने मोटारसायकल विकून टाकली होती. "पोट सुटून राह्यलं, सायकलनं जात जाईन," म्हणाला होता. तेव्हा तिला कौतुक वाटलं होतं. आता कळलं. मोटारसायकलवर रस्ता लवकर सरतो, सायकलवर गप्पा मारत जाता येतं. परवा ती नवी साडी नेसून पुढ्यात उभी राहिली, तर "चहा दे" एवढंच बोलला.

संध्याकाळी तिने विचारलंच, "ते रक्षा तुमच्यासंग रोज काऊन येते?"

"एकच रस्ता हाय नं दोघायचा."

"मंग तिनं पुढं निघून जावं. तुमी कायले थांबता?"

तो उठून अंगणात निघून गेला. तेवढ्याने तिची खात्री पटली.

रविवारी तिने रक्षाचं घर गाठलं. रक्षा अंगणात कपडे वाळत घालत होती.

"या ना वहिनी, बसा."

"बसाले नाई आली. माह्या नवऱ्याची सोबत सोड. उद्यापासून दुसऱ्या रस्त्यानं जाजो."

रक्षाचा चेहरा पडला. "वहिनी, तुमी समजता तसं नाई. दादानं शपथ घातली हाय, नाई तं..."

"दादा म्हणते म्हणे! अन् शपथाबी झाल्या! पुन्हा दिसली त्याच्यासंग, तं मिलच्या गेटवर येऊन तमाशा करीन."

रक्षाचे डोळे भरून आले. तिने नुसती मान हलवली.

सोमवारी पौर्णिमा पुन्हा हातगाडीआड उभी होती. रत्नदीप बराच वेळ थांबला. मान तिरपी करून कानोसा घेत राहिला. शेवटी पॅडल मारलं आणि एकटाच हळूहळू चौकातल्या गर्दीत शिरला.

किती दिवसांनी तिचा जीव हलका झाला. त्याला आवडतात म्हणून तिने चवळीच्या शेंगा घेतल्या, भाजीवाल्याशी दोन शब्द हसून बोललीसुद्धा.

फोन वाजला. रक्षा होती. रडत होती.

"वहिनी, शपथ मोडून राह्यली मी. दादा फोन उचलत नाई. निघाले नसतील तं घरीच थांबवा त्यायले. नोकरी जाईन म्हणून तुमालेबी नाई सांगतलं त्यायनं. वहिनी, दादाले रस्ता दिसत नाई."