तळाची माती

बकारामने लोखंडी सब्बल घातली तशी मागच्या भिंतीची मोठी खपली मागच्या ओट्यावर येऊन पडली.

"काय करून राहिले जी!" गीताबाई चुलीवरचा भात टाकून धावत बाहेर आली. "राहत्या घराची भिंत कायले पाडता?"

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलंही नाही. पिवळी, चिकट ढेकळं त्याने घमेल्यात भरली, घमेलं डोक्यावर घेतलं आणि घरामागच्या बोडीकडे निघाला. आजोबांनी खोदलेलं ते तळं. त्याच्या धानाला पाणी तिथलंच.

पाऊस यंदा पडलाच नाही, असं म्हणायची सोय नव्हती. धो धो कोसळला आणि मग तोंड लपवून बसला. पण शेजाऱ्यांच्या उथळ बोड्यांत अजून बगळे उभे होते. सगळ्यांत खोल बोडी बकारामची, आणि तिच्यातच बुडाशी एवढंसं डबकं उरलं होतं. शेताच्या बांधीत धानाची कोवळी रोपं, पऱ्हे, उपटून रोवणीला आले होते, शेंडे पिवळे पडत होते. आता पाणी मिळालं नाही तर तो हिरवा चारा बैलांपुढे टाकायचा आणि वर्षभर हात चोळत बसायचं.

उन्हाळ्यात गाळ काढायला जेसीबी आला होता. बाकीच्यांनी काळा गाळ निघताच थांबवला. बकारामला मात्र हाव सुटली. "काका, बस हो गया, पीली मिट्टी आ रही है," ड्रायव्हरने सांगून पाहिलं. "और नीचे लो," म्हणाला हा. जितकी खोल तितकं पाणी जास्त, साधा हिशेब! लोण्यासारखी माती निघाली. अर्ध्या गावाने ती घरं लिंपायला नेली, याने तिच्यातूनच पडलेली मागची भिंत, आता सब्बल लावली तीच, उभी केली. खाली उघडा पडला तो मुरूम. पिढ्यान्‌पिढ्या त्या मातीने अडवून धरलेलं पाणी मुरमातून चाळणीसारखं गळून गेलं, आणि कळलं तेव्हा फार उशीर झाला होता.

त्याने घमेलं डबक्यात रिकामं केलं. पाणी गढूळ झालं. तळाच्या मुरमावर तो पायांनी ती माती तुडवू लागला, रेड्यासारखा, गोल गोल. जरा थांबला की पायाशी बुडबुडे उठत.

गीताबाई बोडीच्या काठाच्या पाळीवर येऊन उभी राहिली. तिचा राग कुठल्या कुठे गेला होता, आता तिला भीती वाटत होती.

"चला जी घरी," ती म्हणाली. लेक तालुक्याच्या गोरेगावला कॉलेजात शिकत होती, तिचं बोलणं गीताबाईला आठवलं. "आपली रीता सांगत होती ना फोनवर. पानी कुठं जात नाही म्हने. जमिनीत मुरते, नदीले जाते, समुद्रात जाते, मंग ढग होऊन माघारी येते. आपलंही येईन."

"येईन ना," बकाराम म्हणाला. "काऊन नाही येईन?" त्याने रिकामं घमेलं उचललं. "पर ठेवू कशात?"

 गीताबाईने घराकडे पाहिलं. भिंतीच्या भगदाडातून चूल, भांडी, दोरीवरची लुगडी, सारा संसार उघडा दिसत होता. ती मागे फिरली आणि उरलेल्या भिंतीला तिनेच सब्बल लावली.