ताट फिरवायची रीत

दारात जीपनी गाडीचा हॉर्न वाजला, तशी लिगाया अर्ध्या जेवणावरून उठली. दुबईला नोकरीवर निघालेल्या लेकीने बापाचा हात उचलून आपल्या कपाळाला टेकवला.

“येते, ताताय.”

“पोचलीस की कळव,” म्हातारा आमादो म्हणाला.

जेवताना कुणी प्रवासाला निघालं, तर मागे उरलेल्यांनी आपापलं ताट फिरवायचं, म्हणजे जाणारा सुखरूप पोचतो, अशी त्यांच्या फिलिपिनो बेटावरची रीत. आमादो हसायचा त्या रीतीला. बायको होती तोवर ती स्वतःचं ताट फिरवायची, मग हात लांब करून त्याचंही.

गाडी वळणाआड गेली. आमादोने आपलं ताट फिरवलं. मग फडताळातून बायकोचं ताट काढून तिच्या जागेवर मांडलं, आणि हात लांब करून तेही.