आवक शिक्का

इचलकरंजीच्या शाळेत शिकवणाऱ्या श्यामलाबाई कोल्हापुरात विद्यापीठाच्या चौकशी समितीपुढे बसल्या. कॉलेजच्या संघातल्या आदितीनं हॉकी प्रशिक्षकाविरुद्ध तक्रार केली होती आणि त्याच संघाची जुनी खेळाडू म्हणून बाईंना साक्षीला बोलावलं होतं. “सरांविरुद्ध याआधी एकही तक्रार आलेली नाही,” एक सदस्य म्हणाले. “आलीय की! माझीच हाय,” म्हणत बाईंनी पर्समधला पिवळट कागद पुढे सरकवला. तोच प्रशिक्षक, तसंच अंगचटीला येणं, खाली विद्यापीठाचा चौदा वर्षांपूर्वीचा आवक शिक्का. अध्यक्षांनी तो दोनदा वाचला आणि बाईंची माफी मागितली. महिन्याभरात प्रशिक्षक बडतर्फ झाला. आदितीचा फोन आला, “ताई, तुम्ही आलासा म्हणून झालं!” “न्हाय गं, तू बोललीस म्हणून मी आले.” रविवारी, याच भीतीनं आजवर खेळू न दिलेल्या लेकीला मैदानावर नेऊन बाई कडेनं ओरडल्या, “पळ की!”