सभासद

सभेला रंगारी वेळेवर आला. यायचं तरी कुठून म्हणा, सकाळपासून तो तिथेच होता, छताला दुसरा हात मारत. खाली उतरला, कोपरापर्यंत हात धुतले, दाराबाहेर गेला आणि दार वाजवून पुन्हा आत आला. सभा म्हणजे सभा.

घर रिकामं होतं, मालक रंग वाळल्यावर राहायला येणार होते. रंगकामाची लांब फळी दोन स्टुलांवर टाकून तिचं व्यासपीठ केलेलं. समोर श्रोते: उपडी बादली आणि तिच्यावर रंगाऱ्याची टोपी, चादर पांघरलेल्या दोन खुर्च्या, सदरा घातलेला एक झाडू. आणि तिसऱ्या खुर्चीत स्वतः रंगारी. मागे शिडीच्या पायरीवर मोबाइल टेकवून ठेवलेला. बटण दाबलं की थोड्या वेळाने फोटो आपोआप निघणार. मुलीच्या अर्जाला सभेचा फोटो जोडायचा होता आणि अर्जाची मुदत आज संध्याकाळी संपत होती. सभासद पाठमोरे चालतील, असं सरांनी सांगितलं होतं.

सर म्हणजे टेकडीवरच्या कॉलेजात प्रवेश मिळवून देणारे सर. त्या कॉलेजची चाळणी फार बारीक. मागे एकदा खिडकीतून वारा आत शिरत होता, त्यालाही त्यांनी आधी वर्षभर काय केलंस म्हणून विचारलं, म्हणतात. मार्क काय, शेंबड्या पोरालाही पडतात, सर म्हणायचे, कॉलेज बघतं ते नेतृत्व. झालं. वर्षभरात गावातलं प्रत्येक पोर कशाचं ना कशाचं अध्यक्ष झालं. विषय भराभर संपले: तारे गेले, नदी गेली, कविता, बुद्धिबळ, प्रथमोपचार, सगळं गेलं. घोटाळा एवढाच झाला की अध्यक्षाला सभासद लागतो, आणि गावात सभासद एकच उरली होती. रंगाऱ्याची मुलगी.

ती सगळीकडे जायची. बुद्धिबळात हरायची. प्रथमोपचारात तिचा हात मोडायचा. कवितांना मान डोलवायची. नदीवाल्यांना उचलायला कचरा कमी पडला तर तोही घरून न्यायची. तू कशाची अध्यक्ष, असं सरांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मी सभासद आहे." सरांनी पुढच्या मुलाला आत बोलावलं.

म्हणून आज ती भिंतींची अध्यक्ष झाली होती. विषय उरला होता तोच, पण तिचा खरोखरचाही तोच होता. लहानपणापासून बापाबरोबर जायची आणि तो रंग लावायच्या आत भिंत खरवडून बघायची. इथेही तिने एक कोपरा खरवडून ठेवला होता. पांढऱ्याखाली पिवळा, पिवळ्याखाली हिरवा, आणि हिरव्यावर पेन्सिलीच्या आडव्या रेघा, एकावर एक.

ती फळीवर उभी राहिली. घसा खाकरला.

"या घरात एक मूल होतं," ती म्हणाली, "आणि ते इथपर्यंत वाढलं."

 रंगाऱ्याचे हात आपोआप टाळीसाठी वर गेले, तेवढ्यात दार उघडलं. दारात तारे उभे होते. त्यांच्यामागे नदी, कविता, बुद्धिबळ आणि प्रथमोपचार. सगळ्यांच्या सभा खोळंबल्या होत्या, फोटो सगळ्यांनाच आज हवे होते, आणि सभासदाचा पत्ता नव्हता.

रंगाऱ्याला वाटलं, देव पावला. त्याने दोन्ही खुर्च्यांवरच्या चादरी ओढून काढल्या. बसा रे पोरांनो, म्हणाला, दोन मिनिटं नुसतं बसा, बोलू पण नका.

कोणी हललं नाही. नदीचा अध्यक्ष स्वभावाने गरीब होता, त्याला वाईट वाटलं.

"काका, बसलो असतो हो. पण खाली बसलेला फोटो टेकडीवर गेला, तर आमचं संपलंच."

"चादर घ्या अंगावर," रंगारी म्हणाला. "ओळखू येणार नाही."

त्यालाही कोणी तयार होईना. मग बुद्धिबळाने तोड काढली. आम्ही तुझे सहअध्यक्ष होऊ, म्हणजे वर उभं राहता येईल. ठराव बिनविरोध पास झाला; विरोध करायला सभासद होता कुठे. चादरी पुन्हा खुर्च्यांवर गेल्या. मुलीने मोबाइलचं बटण दाबलं आणि पाचही जण फळीवर चढले.

फळी एका रंगाऱ्याची होती, पाच अध्यक्षांची नव्हती. ती मधोमध वाकली आणि कुरकुरली. रंगारी धावत जाऊन तिच्याखाली शिरला आणि पाठ लावून उभा राहिला, म्हणजे वाकूनच. मुलगी एका टोकाला चढली. सरक म्हणाले, सरकली. आणखी सरक म्हणाले, तर खाली उतरली. मग फळीवरून कविता म्हणाली, "अगं, ती मधली खुर्ची रिकामी दिसतेय."

बापाची खुर्ची होती ती. मोबाइलचा दिवा लुकलुकायला लागला होता. मुलगी पटकन जाऊन तिच्यात बसली. फोटो निघाला तेव्हा ती मान डोलवत होती.

"आला का गं फोटो?" रंगाऱ्याने खालून विचारलं.

"आला बाबा. छान आलाय."

"तू दिसतेस ना त्यात?"

तिने मोबाइल जवळ धरून पाहिला. वर पाच हसरे चेहरे. खाली बादली, चादरी, झाडू आणि एक वेणी.

"दिसते," ती म्हणाली. "पाठमोरी."

अजून एक काढू, लगेच काढू, रंगारी म्हणाला. पण तोवर फळीवर, आता पहिली सभा कुणाची, यावरून जुंपली होती. कोणी खाली उतरेना, आणि रंगाऱ्याला पाठ काढून घेता येईना.