पाठीला टेकवलेली कुऱ्हाड

झाड पाडायच्या आदल्या संध्याकाळी बुंध्याला कुऱ्हाड टेकवायची आणि झाडावर वस्तीला असेल त्याला निघून जायला एक रात्र द्यायची, ही कचरूच्या बापाची रीत. कचरूने हलकी यंत्रं नाकारून सगळ्यांत जोरकस पेट्रोलची करवत आणली. तिला लांब पातं बसवलं, जोर आणखी वाढावा म्हणून सायलेन्सरला भोकं पाडली आणि बापाची कुऱ्हाड भंगारात दिली.

पहिलीच चिंच दुर्गाबाईच्या बांधावरची.

"रात्री कुऱ्हाड टेकवल्ती का रे?" म्हातारीने विचारलं.

"टेकवल्ती की, मावशी," कचरू म्हणाला आणि तिची नजर चुकवून त्याने करवतीची दोरी ओढली.

चिंच आडवी झाली. करवत बंद केली, तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, की एकही पाखरू उडालं नव्हतं.

तो म्हातारीकडे पाठ करून भाकरी खायला बसला.

दुर्गाबाई पाणी घेऊन मागून आली आणि थबकली.

"माफ कर लेकरा, मला वाटलं तू खोटं बोलून राह्यला. ही तर तुझ्या बापाचीच कुऱ्हाड. पण झाड तर पडलं, मंग आता तुझ्या पाठीला कोणी टेकवली?"