खंडेनवमीचा पाना

"अप्पा, मागून टक् असं वाजतंय," पवित्रा हेल्मेट काढत म्हणाली. "रेस सोडली की वाजतं. परत दिली की परत."

पूजा नुकतीच आटोपली होती. मोटरसायकलच्या हँडलला केळीची रोपं, टाकीवर झेंडूची माळ, चाकाखाली फुटलेली लिंबं अजून फाटकातच पडलेली. पूजेनंतर गाडीची एक फेरी मारायची असते, तशी ती मारून आली होती. के. आर. पुरमच्या त्या गल्लीत घरोघरी कोहळे फोडलेले, रस्ता कुंकवानं लालभडक. उद्या दसरा, आणि उद्याच ही पोरगी सामान लादून एकटी गोकर्णाला निघणार होती. घाट उतरून. नको नको म्हणून तिच्या बापाच्या, येसाजीच्या, जिभेला फोड यायचे बाकी होते. ऐकेल तर शपथ. शेवटी, निदान गाडी तरी ठणठणीत करून देऊ, म्हणून बाप आठवडाभर त्या गाडीशी झटत होता.

चेन ढिली झाली असेल, असं म्हणत त्यानं गाडी डबल स्टँडवर घेतली. पण पाने सगळे देवघरात. खंडेनवमीला हत्यारांना विश्रांती. कुंकू लावून मांडलेलं लोखंड दुसऱ्या दिवशीच्या आरतीपर्यंत हलवायचं नाही, हा सोयराबाईचा नियम, आणि बायकोच्या नियमापुढं येसाजीचं आजवर काही चाललेलं नाही. तिनं विळीसुद्धा पूजेला बसवली होती, भाजी काल रात्रीच चिरून ठेवलेली. येसाजी दारापर्यंत गेला, तर तिनं आतूनच सांगितलं, "उद्या."

मग हातानंच बघायचं. त्यानं चेन खालून बोटानं उचलून पाहिली. असायला हवी तेवढीच ढिली. चाक फिरवत जागोजागी पाहिली, तरी कुठं घट्ट, कुठं सैल असं काही नाही. कसं असेल? कालच त्यानं स्वतः लावली होती. मग गिअर टाकून चाक मागंपुढं हलवलं. चाकाच्या मध्यातली रबरं झिजली की तिथं खेळ येतो. पण रबरंही नवीकोरी, त्यानंच बसवलेली.

टक्.

आवाज तर येत होता. येसाजीला आता जरा भीती वाटायला लागली. कारण सापडलं की माणूस घाबरत नाही, सापडत नाही तोवरच घाबरतो.

पवित्रा पायरीवर बसून प्रसादाचे चुरमुरे खात होती. "चेनच ना, अप्पा? स्वल्प टाइट करा की झालं."

त्यानं चाक दोन्ही हातांनी धरून आडवं ओढलं. चाक हललं. तसं ते हलायला नको होतं.

तो खाली वाकला. चाकाच्या दांड्यावर टोकाला मोठा नट असतो, आणि तो सुटू नये म्हणून त्याच्यातून एक पिन आरपार घालतात. भोक रिकामं होतं. त्यानं नटाला हात लावला. नट बोटांनी फिरला.

काल पूजेला गाडी लख्ख दिसावी म्हणून त्यानं चाक काढून धुतलं होतं. परत बसवलं, चेन लावली, नट हातानं फिरवत आणला, आणि तेवढ्यात सोयराबाई येऊन उभी राहिली. पाने द्या, धुऊन ठेवते, मला अजून छप्पन्न कामं आहेत. आवळायचं तेवढं राहिलं होतं. थांब जरा, एवढंसुद्धा हा गृहस्थ म्हणाला नाही. दिला पाना, आणि विसरला.

"किती लांब गेली होतीस?" त्यानं नट धरूनच विचारलं.

"होसकोटेच्या रस्त्याला. मोकळा होता. गंमत म्हणजे शंभरला काहीच वाजत नाही, अप्पा. वेग कमी केला तरच वाजतं."

येसाजी चपला न काढता देवघरात शिरला. सुऱ्या, कात्री, विळी, आणि मधोमध मोठा पाना. त्याच्या शेजारी विड्याच्या पानावर ती पिन. तिलाही कुंकू. सोयराबाईला ती नळापाशी सापडली होती. लोखंडच ना, म्हणून तिनं तीही पूजेला ठेवली होती.

"मी नट आवळलाच नाही, सोयरा," तो म्हणाला. "आणि पोरगी हायवेला जाऊन आली."

सोयराबाईनं त्याच्याकडं पाहिलं. मग दारातून पायरीवरच्या पवित्राकडं पाहिलं. ती पूजेपाशी गेली, आपल्या हातानं पाना उचलला, पिन उचलली, आणि दोन्ही त्याच्या हातात दिली.

बाहेर आल्यावर पाना काही नटावर बसेना, दोनदा घसरला. पवित्रानं तो काढून घेतला, अप्पा तुम्ही सरका म्हणाली, आणि फिरवू लागली. नट फिरतच राहिला. तिचा हात मध्येच थांबला. तिनं बापाकडं पाहिलं, आणि पुढं आवळत राहिली. पिन मात्र त्यानंच घातली, दोन्ही टोकं वाकवली.

मग त्यानं चाक धरून ओढलं. हललं नाही. परत ओढलं. नाही हललं. तरी तो जमिनीवर बसून चाक धरूनच राहिला.

"अप्पा, लागलं का कुठं?" पवित्रा घाबरून खाली बसली. "रक्त आलंय हाताला."

त्यानं आपली बोटं पाहिली. "नाही गं. कुंकू आहे," तो म्हणाला. जरा वेळानं, कुणी विचारलं नसताना, पुन्हा म्हणाला, "कुंकूच आहे."