दोन लाखांचं प्रशिक्षण

शेंद्र्याचा तो कारखाना सणालाही चालायचा, अन् मशीन बंद पडलं की फिटर लक्ष्मणरावांना घरून बोलावणं यायचं. ऑपरेटर पोरींना दुरुस्ती शिकवायचं ठरलं, तेव्हा ते मॅनेजरबाईंना म्हणाले होते, "मॅडम, दोन लाख पाण्यात जातील."

दिवाळीच्या पाडव्याला दुपारपर्यंत फोन आला नाही. न राहवून त्यांनीच ऑपरेटर श्रेयाला लावला.

"श्रेया, मशीन चालू हाय ना?"

"सकाळी बंद पडलं होतं, काका. आम्हीच खोलून नीट केलं."

आता आपलं तिथं काय काम, असं त्यांना वाटून गेलं.

ओवाळणीचं ताट घेऊन आलेल्या बायकोनं, मनकर्णाबाईंनी, विचारलं, "निघालात का?"

"नाय. पोरींना जमतंय आता."

मनकर्णाबाईंनी निरांजन लावलं. "लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पाडव्याला पहिल्यांदा घरात हायत तुम्ही. उद्या त्या पोरींना डबाभर फराळ न्या."